ओठ बधिर, दाढ जागी

"इंजेक्शन नीट चढलंच नाही." रूट कॅनाल करून आलेल्या माणसाची ही ठरलेली तक्रार. ओठ इतका जड, की चूळ भरली तर पाणी हनुवटीवरून ओघळतं. जिभेची एक बाजू आपली वाटत नाही. आणि तरीही ड्रिल दाढेत शिरलं की थेट कानशिलापर्यंत कळ जाते. यावरून लोक दोनच निष्कर्ष काढतात: डॉक्टरांना सुई नीट देता आली नाही, नाहीतर औषधातच दम नव्हता. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असतात. सुई जागेवर लागलेली असते, औषधही चांगलं असतं. बिनसलेलं असतं ते दाढेच्या आत, आणि तेही इतक्या बारीक पातळीवर, की त्यावर इलाज म्हणून कोणी बर्फाचा खडा पुढे केला तर हसू यावं. पण हा इलाज खरोखर करून पाहिला गेला आहे.

२०१९ साली तुर्कस्तानातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. खालच्या दाढेची नस असह्य ठणकत असलेले शंभरेक रुग्ण त्यांनी घेतले. सगळ्यांना खालच्या जबड्याची नेहमीची भूल दिली. कोणाला बर्फ आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक पद्धतीने ठरवलं आणि निम्म्या रुग्णांच्या तोंडात त्या दाढेपाशी पाच मिनिटं बर्फ धरला. मग दाढ उघडायला घेतली. नुसत्या भुलेवर सुमारे ३१ टक्के रुग्णांचं काम दुखण्याशिवाय किंवा अगदी किरकोळ दुखण्यावर निभावलं. बर्फाच्या गटात हेच प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास गेलं. औषधाचा एक थेंबही न वाढवता एवढा फरक पडला. त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की बर्फ लावूनही दहातल्या चार-पाच जणांना दुखलंच. मला या दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, कारण बर्फ चालतो कसा आणि अडतो कुठे, या दोन प्रश्नांची उत्तरं शेवटी एकाच रेणूपाशी येऊन थांबतात.

आधी भूल देतात कशी ते पाहू. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाताच्या मुळाजवळ हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपून मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट असतं, तिथे हे झिरपणं जमत नाही. म्हणून दंतवैद्य सुई बरीच मागे नेतात. शेवटच्या दाढेच्याही मागे, जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला एक छिद्र असतं. खालच्या दातांची मुख्य चेता (नर्व्ह) तिथून हाडात शिरते. त्या छिद्रापाशी औषध सोडलं की पुढची अख्खी वाट बंद होणं अपेक्षित असतं. खालच्या ओठाची संवेदना नेणारी शाखा याच चेतेची असल्यामुळे ओठ बधिर झाला म्हणजे औषध योग्य जागी पडलं, एवढं नक्की समजतं. दाढ बधिर झाली हे मात्र त्यावरून समजत नाही. ही पद्धत आजची नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनचंच इंजेक्शन देऊन खालच्या जबड्याची ही चेता बधिर केली. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड कोकेनच्या आहारी गेले, ती वेगळी आणि दुःखद कथा आहे. आज वापरात असलेलं लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ च्या सुमारास तयार केलं. त्यात कोकेनसारखा सवय लागण्याचा धोका नव्हता, पण पेटलेल्या दाढेचा प्रश्न सुटला नाही. दंतवैद्य आपसांत अशा दाढेला 'हॉट टूथ' म्हणतात. तिच्या बाबतीत ही भूल अपुरी पडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३० ते ८० टक्के इतकं सापडलं आहे.

ती का अपुरी पडते, याचं एक उत्तर बहुतेकांनी ऐकलेलं असतं: सूज आलेली जागा आम्लधर्मी होते, म्हणून औषध चालत नाही. हे उत्तर अर्धवट आहे. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात, विद्युतभारित आणि भाररहित. चेतातंतूच्या स्निग्ध आवरणातून आत शिरू शकतं ते भाररहित रूप. शरीराचा नेहमीचा सामू (pH) ७.४ असतो आणि त्या सामूला सुमारे २८ टक्के रेणू या रूपात असतात. सामू ६.४ पर्यंत घसरला की ते प्रमाण ४ टक्क्यांवर येतं. म्हणजे सुजलेल्या हिरडीतच औषध टोचलं तर ते वाया जाणार, हे खरं. पण खालच्या जबड्याची सुई दाढेपासून काही सेंटीमीटर मागे, निरोगी ऊतींत लागलेली असते. तिथला सामू नेहमीसारखाच असतो. दाढेतल्या आम्लाला तिथपर्यंत हात लांबवता येत नाही. मग मागची वाट बंद केलेली असताना पुढच्या दाढेची बातमी मेंदूपर्यंत जाते कशी?

इथून पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे, त्यामुळे थोडा लांबेल.

दाताच्या कडक भिंतींच्या आत जी मऊ ऊती असते, जिला सगळे सरसकट 'दाताची नस' म्हणतात, तिचं नाव दंतमज्जा. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या असतात आणि चेतातंतूंची टोकं असतात. वेदनेचे तंतू प्रामुख्याने दोन प्रकारचे. एक प्रकार बारीक पण आवरण असलेल्या तंतूंचा. त्यांच्यातून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातो. थंड पाण्याने जी झटक्यात सणक येते ती यांची. दुसरे त्याहूनही बारीक आणि आवरण नसलेले सी-तंतू. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर सरकतो. रात्रभर झोपू न देणारा, कुठल्या दाढेतून येतोय हेही न कळणारा ठणका या सी-तंतूंचा.

कोणत्याही चेतातंतूत संदेश पुढे जातो तो सोडियम आयनांच्या जोरावर. तंतूच्या पटलात सोडियमसाठी छोटे मार्ग असतात, त्यांना सोडियम चॅनेल म्हणतात. हे दारासारखे असतात, पण त्यांच्या अवस्था दोन नव्हे, तीन: मिटलेलं, उघडं आणि अडसर लागलेलं. विश्रांतीत दार मिटलेलं असतं. शेजारी विद्युतदाब बदलला की ते उघडतं, सोडियम आत घुसतो, त्यामुळे पुढच्या भागात दाब बदलतो आणि पुढचं दार उघडतं. असा संदेश सरकत जातो. उघडल्यावर हजारांश सेकंदाच्या आसपास दाराला आतून अडसर लागतो. तो निघेपर्यंत दार पुन्हा उघडत नाही. लिग्नोकेन आतल्या बाजूने चॅनेलच्या पोकळीत जाऊन बसतं. त्याची पकड मिटलेल्या दारावर सैल असते, उघड्या आणि अडसर लागलेल्या दारावर घट्ट. असं अडकलेलं चॅनेल लवकर मोकळं होत नाही. पुरेशी दारं अडली की संदेश तिथेच विरतो.

माणसाच्या शरीरात या चॅनेलचे नऊ प्रकार आहेत, नॅव्ह १.१ ते नॅव्ह १.९. स्पर्शाच्या तंतूंत एक मिश्रण असतं, स्नायूंत दुसरं, हृदयात तिसरं. वेदनेच्या तंतूंत दोन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. नॅव्ह १.७ लहानशा चिथावणीला मोठं करतं आणि नॅव्ह १.८ प्रत्यक्ष संदेशाचा मोठा भाग उचलतं. नॅव्ह १.८ स्वभावाने हट्टी. फुगू माशाचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, बाकीच्या बहुतेक चेता-चॅनेलना अत्यल्प मात्रेत बंद पाडतं, याच्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. उंदरांच्या चेतापेशींवरच्या काही प्रयोगांत, सगळ्या नव्हे, अशा विषाला न जुमानणाऱ्या चॅनेलसाठी लिग्नोकेनची मात्रा सुमारे चौपट लागली. आणि दुखऱ्या दाढांतून काढलेली दंतमज्जा तपासली तेव्हा तिच्यातल्या तंतूंवर नॅव्ह १.८ निरोगी दातांपेक्षा जास्त आढळलं. दाह झाला की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात आणि नॅव्ह १.८ त्यांच्यामुळे अधिकच हळवं होतं, एरवीपेक्षा कमी चिथावणीवर उघडतं. इबुप्रोफेनसारखी गोळी तासभर आधी दिली तर भुलेचं यश वाढतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. त्यामागचं एक कारण हेच, की ती गोळी प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादन रोखते.

आता ओठ बधिर आणि दाढ जागी, हे कोडं सुटायला लागतं. ओठाचा स्पर्श नेणारे तंतू ज्या चॅनेलवर चालतात ती लिग्नोकेनपुढे मुकाट मान टाकतात. दाढेच्या वेदनेचे तंतू हट्टी चॅनेल घेऊन बसलेले असतात. औषध तेच, जागाही तीच, तरी एक जण झोपतो आणि दुसरा जागा राहतो. याला इतरही कारणं जोडलेली असतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काहींच्या दाढेला दुसऱ्याच चेतेची एखादी चोरवाट असते. दिवसेंदिवस ठणका सोसून मेंदू आणि मेंदूकडे जाणारी केंद्रं स्वतःच चिडकी झालेली असतात. भीतीने वेदनेचा उंबरठा खाली येतो, हे तर कोणालाही पटेल.

मग बर्फ यात काय करतो? थंडीने बधिर करण्याची कल्पना भूलशास्त्राहून कितीतरी जुनी. नेपल्सच्या मार्को ऑरेलिओ सेवेरिनो यांनी सतराव्या शतकात शस्त्रक्रियेआधी बर्फ लावण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाऊच्या लढाईत, कडाक्याच्या थंडीत, नेपोलियनचे शल्यविशारद लारे यांनी सैनिकांचे जखमी हातपाय कापले. गारठलेल्या अवयवांना वेदना फारशा जाणवल्या नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. इंग्लंडच्या जेम्स आर्नॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बर्फ आणि मिठाच्या मिश्रणाचा एवढा पाठपुरावा केला, की नव्याने आलेल्या क्लोरोफॉर्मपेक्षा ही थंडीच सुरक्षित आहे, असं ते हिरिरीने सांगत. पुढे इथाइल क्लोराइडचा फवारा आला. हा द्रव सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे त्वचेवर पडताक्षणी वाफ होऊन उडतो आणि जाताना तिथली उष्णता घेऊन जातो.

थंडीत चेतातंतू मंदावतो. जाड, वेगवान तंतूंचा वेग दर अंशामागे सेकंदाला दीड ते दोन मीटरने घटतो. पण खरी गंमत पुन्हा त्या तीन अवस्थांच्या दारांत आहे. २००७ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी, काथारिना त्सिमरमान आणि सहकाऱ्यांनी, 'नेचर'मध्ये एक सुरेख शोधनिबंध लिहिला. त्वचेच्या चेता थंड करत नेल्या तर बहुतेक सोडियम चॅनेल अडसर लागलेल्या अवस्थेतच जास्त वेळ अडकून पडतात, त्यामुळे तंतू गप्प होतात, असं त्यांना दिसलं. एक चॅनेल मात्र थंडीतही बिनघोर काम करत राहिलं: नॅव्ह १.८. ज्या उंदरांत हे चॅनेल मुळातच नव्हतं, त्यांना तीव्र थंडीची वेदना जाणवेना. कडक थंडीत बोटांना काही पकडल्याचं कळत नाही, पण बोटं दुखतात ती कळतात, याचं उत्तर इथे आहे. स्पर्श बर्फापुढे झोपतो, वेदना जागी राहते.

थोडं थांबून हे पुन्हा पाहण्यासारखं आहे. लिग्नोकेनला सर्वांत कमी दाद देणाऱ्यांपैकी जे चॅनेल, तेच थंडीलाही दाद देत नाही. बधिर ओठाखालची जागी दाढ आणि गारठलेल्या बोटांतली वेदना ही एकाच हट्टी रेणूची दोन रूपं आहेत. मग हिशेबाने बर्फाचा काहीच उपयोग व्हायला नको! आणि तरी ३१ चे ५६ होतात.

माझ्या मते याची गुरुकिल्ली जागेत आहे. सुईचं औषध चेतेच्या बुंध्याशी, जबड्याच्या छिद्रापाशी असतं. बर्फ लागतो तो दाढेपाशी, म्हणजे तंतूंच्या टोकांशी, जिथे वेदनेचा संदेश मुळात तयार होतो. तोंडात ठेवलेल्या बर्फाची थंडी त्या खोल छिद्रापर्यंत पोहोचत नाही, म्हणून बर्फामुळे औषध जागेवर जास्त वेळ टिकतं, हे सरधोपट स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. हिरडीत टोचलेल्या भुलेला ते लागू पडेल. प्रयोगशाळेत बाहेर काढून थंड केलेल्या चेतेला लिग्नोकेन कमी मात्रेत गप्प करतं, हेही खरं आहे. पण त्यासाठी थंडी आणि औषध एकाच जागी हवेत.

टोकाशी थंडी पोहोचली की रक्तवाहिन्या आकसतात. हे दाढेत फार मोलाचं ठरतं, कारण दंतमज्जेला सुजायला जागाच नसते. सगळ्या बाजूंनी कडक भिंती, रक्ताला यायला-जायला मुळाच्या टोकाशी बारीकशी वाट. दाहामुळे रक्त जास्त आलं की आतला दाब चढतो आणि तंतूंची टोकं चेपली जातात. रक्तप्रवाह थोडा घटला तरी दाब उतरतो. दुसरं, तापमान उतरलं की विकरांचा (एन्झाइम्सचा) वेग मंदावतो, म्हणून प्रोस्टाग्लँडिनसारखी चिथावणारी द्रव्यंही हळू तयार होतात. तिसरं, टोकाशी असलेली बाकीची चॅनेल, त्यात नॅव्ह १.७ सुद्धा, अडसर लावून बसतात. नॅव्ह १.८ कितीही हट्टी असलं तरी त्याला उघडण्यापुरती सुरुवातीची चिथावणी कोणीतरी गोळा करून द्यावी लागते. तो गोळा करणाराच गारठला, तर निघणाऱ्या संदेशांची संख्या घटते. बुंध्याशी लिग्नोकेनने अर्धवट बंद केलेल्या वाटेला मग एवढे थोडे संदेश अडवायला जमतात. उगमाशी पाणी कमी झालं, म्हणून खालचा गळका बंधारा पुरला. ही साखळी मी जोडलेली आहे. तिचे बहुतेक दुवे वेगवेगळ्या प्रयोगांत दिसले आहेत, पण पेटलेल्या मानवी दाढेत ती अख्खी एकाच प्रयोगात मोजली गेलेली नाही.

ज्या वाचकाची वाट चॅनेलच्या गर्दीत चुकली असेल, त्याने एवढं धरून ठेवावं: बर्फ भुलेची जागा घेत नाही, भुलेवरचा भार हलका करतो.

याला आधार देणारं एक दृश्य अनेक दवाखान्यांत दिसतं. दाढेचा दाह फार पुढे गेलेला रुग्ण हातात गार पाण्याची बाटली घेऊनच येतो. दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक घोट त्या बाजूच्या गालात धरतो, डोळे मिटतो, ठणका विरतो. पाणी तोंडात कोमट झालं की चेहरा पुन्हा आवळतो आणि पुढचा घोट. बोलताना बाटली खाली ठेवत नाही. अनुभवी दंतवैद्याचं निदान त्या बाटलीवरूनच निम्मं झालेलं असतं. झटकन सणक देणारे तंतू या टप्प्यावर बऱ्याच अंशी निकामी झालेले असतात, उरलेले असतात सी-तंतू आणि चढलेला दाब. थंडीने दाब उतरतो, गरम चहाने चढतो.

पण याच्या आधीच्या टप्प्यात गार पाणी म्हणजे शत्रू. इथे लोकांचा मोठा गोंधळ होतो: थंडीने दात दुखतो की थांबतो? दोन्ही, पण वेगवेगळ्या वाटांनी. दाताच्या इनॅमलखालच्या थरात असंख्य सूक्ष्म नलिका असतात, दंतमज्जेजवळ तर एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५ हजारांहून जास्त. त्या द्रवाने भरलेल्या असतात. थंड काही लागलं की हा द्रव आकसून झटक्यात बाहेरच्या दिशेने सरकतो आणि नलिकांच्या मुळाशी असलेले तंतू ओढले जातात. स्वीडनच्या ब्रेनस्ट्रोम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी पक्की केलेली ही कल्पना. शिवाय २०२१ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून कळलं, की दंतमज्जेच्या कडेला ओळीने उभ्या असलेल्या, दात घडवणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीसी-५ नावाचा स्वतंत्र थंडी-संवेदक असतो. लवंग तेलातलं युजेनॉल या संवेदकाला अडवतं. दातांवर इतकी शतकं लवंग तेल का लावलं जातं, त्याचं एक रेणूच्या पातळीवरचं कारण असं हाती आलं. दाढ जिवंत आहे का, हे पाहायला दंतवैद्य याच सणकेचा वापर करतात. कापसाच्या छोट्या बोळ्यावर शीतक फवारा मारतात. बोळ्यावर पांढरं दव धरतं, तो दातावर टेकवतात आणि रुग्ण हात वर करतो का ते बघतात. भूल दिल्यावर हीच तपासणी पुन्हा करता येते. ओठाला टोचून पाहण्यापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवावा, कारण ती प्रश्न थेट दाढेला विचारते.

म्हणून बर्फ कधी लावायचा, याला महत्त्व आहे. भूल देण्याआधी चिडलेल्या दाढेवरच बर्फ दाबला तर रुग्ण खुर्चीतून उठेल. चाचणीत तो इंजेक्शननंतर लावला होता. आधी लावायचाच असेल तर तो हिरडीवर, सुई जिथे टोचायची तिथे, मिनिटभर. टोचण्याची वेदना त्याने कमी होते आणि लहान मुलांमध्ये याचा चांगला उपयोग होतो. एक मात्र करू नये: औषधाची कुपीच फ्रिजमधून काढून गार टोचणं. गार द्रव टोचताना जास्त झोंबतो. शरीराच्या तापमानाला आणलेलं औषध टोचलं तर दुखणं कमी होतं. थंडी ऊतीला हवी, औषधाला नको.

पुढची पायरीही काही जण वापरतात. रूट कॅनाल करताना मुळाच्या पोकळीत अडीच अंश सेल्सिअसचं थंड सलाइन पाच मिनिटं फिरवतात. बाहेर काढलेल्या दातांवरच्या प्रयोगात मुळाच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान यामुळे दहा अंशांहून जास्त उतरलं आणि काही मिनिटं तसं राहिलं. उद्देश भुलेचा नसून उपचारानंतरचं दुखणं कमी करण्याचा आहे.

बर्फाच्या नावाने आणखीही बरंच काही फिरत असतं. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात बर्फ चोळा, ऊर्जेचा प्रवाह मोकळा होऊन दातदुखी पळेल, हा त्यातला लाडका संदेश. मजा म्हणजे यात एक खरा दाणा आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे खरोखर करून पाहिलं. दातदुखीच्या बऱ्याच रुग्णांचं दुखणं हातावर बर्फ चोळल्याने तात्पुरतं लक्षणीय घटलं. पण मेलझॅक हे वेदनेचे शास्त्रज्ञ. एका वेदनेची तीव्र संवेदना दुसरीचा मार्ग पाठीच्या कण्यात आणि मेंदूच्या देठात अडवू शकते, हे त्यांचं क्षेत्र. त्यासाठी अंगात कुठला अदृश्य प्रवाह वाहायची गरज नाही. आणि अशा उपायाने दाढ बरी होत नाही, रात्र फक्त ढकलली जाते. दिवसेंदिवस हात चोळत बसलं तर आतली दंतमज्जा मरू शकते, मग दुखणं 'बरं' होतं आणि पू मुळाखाली साठायला लागतो. दुखणं थांबलं म्हणून उपचार टाळणाऱ्यांची पुढची भेट बहुधा सुजलेल्या गालासह होते. अख्खं शरीर गोठवणाऱ्या महागड्या खोल्यांची जाहिरात 'क्रायोथेरपी' या नावाने चालते, तिचा आणि दाढेजवळच्या पाच मिनिटांच्या बर्फाचा संबंध नावापुरता.

बर्फालाही मर्यादा आहेत. ज्यांना थंडीने अंगावर पित्त उठतं, ज्यांची बोटं गारठ्यात पांढरी-निळी पडतात, अशांनी तो टाळलेला बरा. बर्फ कापडात किंवा पातळ आवरणात गुंडाळून, तोही मिनिटांच्या हिशेबाने. दातावर वापरायचा शीतक फवारा हिरडीवर मारला तर ऊती जळते. आणि बर्फानेही दाढ जागीच राहिली तर दंतवैद्याकडे पुढचे मार्ग असतात. दाताभोवतीच्या हाडातच औषध सोडतात, किंवा दंतमज्जा उघडी पडल्यावर थेट तिच्यात दाबाने टोचतात. हे दुसरं क्षणभर फार दुखतं, पण लगेच काम करतं.

तो हट्टी रेणू मात्र आता औषध-कंपन्यांच्याही नजरेत आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला मान्यता दिली. ती प्रौढांच्या मध्यम ते तीव्र अल्पकालीन वेदनेसाठी आहे आणि नेमकं नॅव्ह १.८ हेच चॅनेल अडवते, तेही मेंदूबाहेरच्या चेतांमध्ये, अफूच्या कुळातल्या औषधांची वाट न धरता. मान्यतेआधीच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांनंतरच्या वेदनेवर झाल्या. ठणकणाऱ्या दाढेवर अशा औषधाची लिग्नोकेन आणि बर्फासोबत नीट चाचणी झाली, तर वर मी जोडलेली साखळी कुठे तुटते तेही कळेल.